जुन्या खेळण्यातल्या रेल्वेचे फलाटावरचे सामान: संग्रह कसा करावा, भेद कसे ओळखावेत

खेळण्यातल्या रेल्वेचा संग्रह करायचा म्हटला की बहुतेक जण इंजिनांपासून सुरुवात करतात, आणि चांगली जुनी इंजिने महाग, दुर्मिळ व बहुधा आधीच कोणाच्या तरी कपाटात गेलेली असल्यामुळे तिथेच थांबतात. फलाटावरच्या सामानाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. हमाल, तिकीट तपासनीस, सामानाची ढकलगाडी, दुधाचे कॅन, वजनकाटा, स्थानकाच्या नावाची पाटी, सिग्नल, पादचारी पूल, इंजिनात पाणी भरण्याचा खांब, फाटक आणि फाटकवाल्याची चौकी या सगळ्या वस्तू त्याच कारखान्यांनी, तितक्याच काळजीने आणि पुष्कळदा इंजिनांहून जास्त तऱ्हांनी बनवल्या. त्या आकाराने लहान असतात, कमी जागेत मावतात आणि त्यांचा अभ्यास घरबसल्या करता येतो. सांगली-मिरज किंवा सातारा-कऱ्हाडसारख्या ठिकाणी राहून, मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांची ओळख नसतानाही ज्याला नेटका संग्रह उभा करायचा आहे, त्याने या सामानापासूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

भेद कशाला म्हणावे

एकाच वस्तूची दोन वेगळी रूपे समोर आली की नवा संग्राहक हरखून जातो आणि दोन्ही घेऊन टाकतो. तसे करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू कारखान्यातून अशीच बाहेर पडली होती का? उत्तर होकारार्थी असेल तर तो भेद. उन्हाने लाल छप्पर नारिंगी झाले असेल, एखाद्या हौशी मालकाने फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा ओढला असेल किंवा मोडक्या सिग्नलचा हात दुसऱ्या सिग्नलवरून आणून बसवला असेल, तर तो त्या वस्तूचा पुढचा इतिहास आहे. तो नोंदवावा, पण त्याला भेद म्हणून वेगळा भाव देऊ नये. या मार्गदर्शनातल्या जवळपास सगळ्या सूचना या एका प्रश्नाचे उत्तर कसे काढावे याविषयीच आहेत.

कारखान्यात बदल होण्याची कारणे ठरावीक असत. साचा झिजला की नवा केला जाई आणि त्यात एखादी कड, एखादे भोक किंवा तळावरची अक्षरे बदलत. रंगाचा पुरवठा बदलला की छपराची छटा बदले. पत्र्याची जागा ओतीव धातूने आणि पुढे प्लॅस्टिकने घेतली. एकच स्थानक वेगवेगळ्या देशांत विकायचे असले की पाट्यांची भाषा बदले; मार्क्लिन आणि बिंग या जर्मन कंपन्यांनी एकाच इमारतीवर इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन पाट्या लावून ती त्या त्या देशात पाठवली. आणि खऱ्या रेल्वेत बदल झाला की खेळण्यालाही तो करावा लागे. याचे माझे आवडते उदाहरण डिस्टंट सिग्नलचे, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलचे आहे. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्टंट सिग्नलचे हात लालऐवजी पिवळे होऊ लागले, आणि हॉर्नबी या ब्रिटिश बनावटीच्या खेळण्यातल्या सिग्नलांवरही तो बदल उतरला. त्यामुळे टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला लाल हात दिसला आणि रंग मूळचा असल्याची खात्री पटली, तर तो आधीच्या काळातला धरता येतो.

आधी माप, मग कंपनी

मिरजेच्या माणसाला गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, समजावून सांगावे लागत नाही. तिथे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांवरच्या गाड्या येत. नॅरोगेजचा, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा, रूळ ७६२ मिलिमीटरचा होता, आणि पुण्याहून सातारा रोड, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, सांगली असा येणारा मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता. खेळण्यांतही गेज असतातच, पण फलाटावरच्या सामानाला रूळ नसतो, म्हणून इथे गेजपेक्षा प्रमाण, म्हणजे खऱ्या वस्तूच्या मानाने खेळणे किती लहान आहे हे, महत्त्वाचे ठरते. ओ गेजचा रूळ ३२ मिलिमीटरचा असतो आणि ब्रिटिश पद्धतीत त्याचे प्रमाण साधारण १:४३.५ धरतात. डबल ओ आणि एच ओ या दोन्हींचा रूळ १६.५ मिलिमीटरचाच असतो, पण पहिल्याचे प्रमाण १:७६ आणि दुसऱ्याचे १:८७ आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाच फूट आठ इंचांचा हमाल ओ गेजमध्ये सुमारे ४० मिलिमीटर, डबल ओमध्ये सुमारे २३ मिलिमीटर आणि एच ओमध्ये सुमारे २० मिलिमीटर उंच असायला हवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी स्टीलची पट्टी खिशात असली तर बेवारस हमाल कोणत्या कुटुंबातला आहे हे अर्ध्या मिनिटात कळते. पहिल्या महायुद्धाआधीच्या पत्र्याच्या खेळण्यांना मात्र हा नियम लावू नये. त्या काळी दार माणसापेक्षा बुटके असले तरी कोणाची हरकत नसे.

कंपन्यांपैकी आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त ती ब्रिटिश मालाची. लिव्हरपूलच्या मेकॅनो लिमिटेडने, म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने, १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या ओ गेजच्या गाड्या आणल्या आणि पुढच्या दोन दशकांत त्यांच्याभोवती संपूर्ण स्थानक उभे केले. पत्र्याच्या स्थानकांवर विंडसर, मार्गेट, रिपन, वेम्बले अशी नावे छापलेली असत आणि युद्धानंतरच्या स्थानकांवर ट्रेंट हे नाव येते; इमारत तीच, नाव वेगळे, हा भेद शिकायला सर्वांत सोपा आणि जमवायला सर्वांत आनंदाचा. क्रमांकाच्या पुढे ‘ई’ असेल तर ती वस्तू विजेच्या दिव्याची सोय असलेली समजावी. फलाटाच्या किरकोळ सामानाचे क्रमांक दिलेले संच निघत: पहिल्यात छोट्या ट्रंका व ढकलगाडी, दुसऱ्यात दुधाचे कॅन व ढकलगाडी, तिसऱ्यात फलाटावरची यंत्रे. ढकलगाडी दोन संचांत असल्यामुळे सुटी ढकलगाडी कोणत्या संचातली हे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे पुरावा मागावा.

याच कंपनीने १९३१ मध्ये स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांची शिशाची चित्रे, म्हणजे छोट्या मूर्ती, ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने काढली, आणि १९३४ मध्ये त्याच मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. जगभर मोटारगाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नावाची सुरुवात स्टेशन मास्तर, गार्ड आणि हमाल यांच्यापासून झाली, हे फलाटावरच्या सामानाचा संग्रह करणाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे. त्यामुळेच एकच चित्र दोन वेगळ्या नावांच्या पेटीत सापडू शकते, आणि तिथे भेद पेटीचा असतो, चित्राचा नसतो.

हॉर्नबी डब्लो ही डबल ओ मापाची मालिका १९३८ मध्ये आली. युद्धापूर्वी तिच्या इमारती लाकडी होत्या, युद्धानंतर त्या ओतीव धातूच्या झाल्या आणि शेवटी प्लॅस्टिकच्या जोडणीसंचांच्या स्वरूपात आल्या. एकाच सिग्नल केबिनची लाकडी, धातूची आणि प्लॅस्टिकची अशी तीन रूपे शेजारी ठेवली, तर जवळपास पंचवीस वर्षांचा खेळण्यांचा उद्योग एका फळीवर दिसतो. नव्या संग्राहकाला मी हाच विषय सुचवेन: एक वस्तू, एक कंपनी, सगळी रूपे. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ट्राय-अँग या नावाने खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली, आणि पुढच्या वर्षापासून ट्राय-अँग हॉर्नबी असे जोडनाव दिसू लागले. हे नाव असलेला माल त्यापूर्वीचा असू शकत नाही.

जर्मन मालासाठी चिन्हे वाचायला शिकावे. गोपिंगेनच्या मार्क्लिनची स्थापना १८५९ ची. न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीवर आधी ‘जी.बी.एन.’ आणि पहिल्या महायुद्धानंतर ‘बी.डब्ल्यू.’ ही अक्षरे येतात, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती कंपनी बुडाली, त्यामुळे तिचा माल तेथे संपतो. ‘डी.आर.जी.एम.’ हे जर्मन नोंदणीचिन्ह आहे. त्यावरून देश कळतो, कंपनी नव्हे. ‘यू.एस. झोन, जर्मनी’ अशी अक्षरे असतील तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्याच वर्षांतली, हे नक्की. फालर ही कंपनी १९४६ ची, तिचे प्लॅस्टिकचे संच एच ओ प्रमाणातले असतात आणि ते डबल ओच्या फलाटावर थोडे ठेंगणे दिसतात.

लायनेल या अमेरिकन कंपनीचा माल आपल्याकडे क्वचित दिसतो, पण तिचा फाटकवाला भेदांच्या अभ्यासाला उत्तम आहे. गाडी जवळ आली की चौकीचे दार उघडून कंदील घेतलेला माणूस बाहेर येतो, अशी ही वस्तू १९३५ मध्ये आली. गाडी आली की वस्तू चालू करणाऱ्या, रुळावरच्या स्पर्शखटक्याच्या फरकामुळे तिला ०४५, ४५ आणि ४५एन असे क्रमांक मिळाले, आणि १९५० मध्ये १४५ क्रमांकाची नवी चौकी आली. म्हणजे पहिल्या तिघांतला फरक चौकीत शोधायचा नसून तिच्यासोबत आलेल्या खटक्यात शोधायचा असतो, आणि तो खटका हरवला असेल तर नेमका क्रमांक ठामपणे सांगता येत नाही.

साचे एका कंपनीकडून दुसरीकडे जातात ही गोष्टही ध्यानात असू द्यावी. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने स्थानकाच्या परिसरातल्या प्लॅस्टिकच्या इमारती काढल्या, त्यांतली सिग्नल केबिन इंग्लंडमधल्या ओकहॅमच्या खऱ्या केबिनवरून घेतली होती, आणि पुढे हेच साचे डापोल या दुसऱ्या कंपनीकडे गेले. जोडलेली केबिन हातात आली तर ती कोणाची हे बहुधा सांगता येत नाही. न जोडलेला संच पेटीसकट मिळाला तरच त्याला कंपनीचे नाव द्यावे.

हातात घेऊन तपासणी

वस्तू पाहण्याचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी तळ, मग सांधे, मग छपाई आणि सर्वांत शेवटी दर्शनी बाजू. विक्रेता दर्शनी बाजू पुढे करतो, म्हणून ती शेवटी पाहावी.

प्रथम चुंबक लावावे. पत्रा चिकटतो, शिसे आणि जस्ताचा ओतीव मिश्रधातू चिकटत नाहीत. शिशाचे चित्र हाताला आकाराच्या मानाने जड लागते आणि त्याचा तळ कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. पत्र्याच्या वस्तूत भाग एकमेकांत खाचेतून घालून छोट्या पट्ट्या वळवलेल्या असतात. त्या पट्ट्या कारखान्यात एकदाच वळवल्या जात. वळणावर रंगाला एकच बारीक तडा असेल तर वस्तू उघडली गेलेली नाही. पट्टी पांढुरकी पडली असेल, तिला दोन घड्या दिसत असतील किंवा एखादी तुटून गेली असेल, तर ती उघडली आहे आणि आतला किंवा वरचा भाग बदललेला असू शकतो. पट्टीखालचा रंग हा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार आहे, कारण तिथे ऊन पोहोचत नाही. छपराचा रंग तिथेही नारिंगी असेल तर तो मूळचा. तिथे लाल आणि वर नारिंगी असेल तर तो उन्हाचा परिणाम. पुन्हा रंगवलेल्या वस्तूत नवा रंग सांध्यांत भरून राहतो, कडा बोथट दिसतात आणि खरवडलेल्या जागी खाली दुसरी छटा डोकावते.

छपाईसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ज्या प्रकारचे भिंग वापरतात तेच चालते. जुन्या पत्र्यावरची छपाई एकेका रंगाची सलग शाई एकावर एक चढवून केलेली असते, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे किंचित सरकलेली कड दिसते. आजच्या संगणकीय छपाईत मात्र निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे बारीक ठिपके दिसतात. असे ठिपके स्थानकाच्या पाटीवर किंवा जाहिरातीवर दिसले तर तो कागद अलीकडे चिकटवलेला आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चही उपयोगी पडतो: कागद शुभ्र दिसावा म्हणून घालण्याची रसायने युद्धोत्तर काळात प्रचारात आली आणि ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात, त्यामुळे १९३० च्या दशकातली म्हणून दाखवलेली पेटी किंवा लेबल लख्ख चमकले तर ते नाकारावे.

या दोन्ही तपासण्यांचा कस लागतो तो ‘हॉल्स डिस्टेंपर’ या भिंतींच्या रंगाच्या जाहिरातीवर. मॉडेल्ड मिनिएचर्सच्या मालिकेतली ही वस्तू म्हणजे पांढऱ्या कपड्यांतले दोन रंगारी आणि त्यांनी मिळून धरलेली जाहिरातीची पुठ्ठ्याची लांब पट्टी. खऱ्या ब्रिटिश रेल्वेमार्गांच्या कडेला असे मोठे फलक उभे असत, त्याची ही छोटी प्रतिकृती. शिशाचे रंगारी टिकतात, पुठ्ठा मात्र फाटतो किंवा हरवतो, म्हणून बाजारात रंगारी खरे आणि पुठ्ठा नवा अशी जोडी पुष्कळ दिसते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात, पुठ्ठ्याची जाडी पाहावी, रंगाऱ्यांच्या हातांच्या जागी पुठ्ठ्यावर घासल्याची खूण आहे का ते पाहावे आणि मग टॉर्च लावावा. नवा पुठ्ठा असलेली जोडी घेण्यात काहीच गैर नाही, फक्त ती तशी म्हणून घ्यावी, तशी म्हणून नोंदवावी आणि पैसे रंगाऱ्यांचेच द्यावेत.

पेटीवर आपल्या देशातला एक खास पुरावा असतो, ज्याकडे परदेशी संग्राहकांचे लक्ष जात नाही. इथल्या दुकानदारांनी पेटीच्या कडेला पेन्सिलीने किंमत लिहिलेली असते. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्याआधीची किंवा फार तर त्याच सुमाराची, ‘न.पै.’ अशी खूण असेल तर ती १९५७ ते १९६४ या काळातली, कारण पुढे ‘नये’ हा शब्द गळून नुसते पैसे राहिले. ही खूण खोडरबराने पुसणारे लोक मी पाहिले आहेत. ती कधीही पुसू नये. खेळण्यांवरच्या अक्षरांचेही असेच आहे: ‘ब्रिटिश रेल्वेज’ हे शब्द असतील तर वस्तू १९४८ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीची नाही, आणि ‘एल.एम.एस.’ ही एका ब्रिटिश रेल्वे कंपनीची आद्याक्षरे तिथल्या रेल्वेंच्या १९२३ च्या पुनर्रचनेनंतरच येतात. पेटी आणि आतली वस्तू यांचा काळ जुळतो का, हे मात्र दर वेळी स्वतंत्रपणे तपासावे.

आपल्या भागात शोध कुठे घ्यावा

जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, संस्थानी काळातल्या सरदार-दरकदारांच्या आणि वकील-डॉक्टरांच्या घरांत, आणि ज्यांचे आजोबा मुंबईला नोकरीस होते अशा कुटुंबांत या वस्तू आढळतात. मात्र त्या ‘रेल्वेच्या खेळण्या’ म्हणून क्वचितच सांभाळलेल्या असतात. माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी जागा म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या चित्रांचा डबा. मातीचे मावळे, वाघ, गवळण यांच्यात एखादा इंच-दीड इंचाचा, निळ्या गणवेशाचा, पायाखाली लहान चौकोनी ओटा असलेला शिशाचा माणूस निघतो. घरच्यांच्या लेखी तो ‘इंग्रज शिपाई’ असतो, आणि त्याच्या हातातली बॅग पाहिल्यावर तो हमाल असल्याचे कळते. त्याच्या ओट्याला किल्ल्याची वाळलेली माती चिकटलेली असते. अशा डब्यांचा विषय काढायला दिवाळीपूर्वीचे आठ-दहा दिवस उत्तम, कारण तेव्हा ते माळ्यावरून खाली उतरलेले असतात. गौरी-गणपतीच्या देखाव्यांतही जुने फलाट, पूल आणि फाटके दिसतात. देखावा पाहायला गेल्यावर तिथल्या तिथे किंमत विचारू नये; ओळख करून घ्यावी, वस्तू काय आहे ते यजमानांना मनापासून सांगावे आणि सण झाल्यावर पुन्हा जावे. ज्याला आपल्या घरातल्या वस्तूची माहिती तुमच्याकडून मिळाली, तो ती विकायची झाल्यास आधी तुम्हालाच कळवतो.

मिरजेला रेल्वेतून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्याकडे खेळणी असोत वा नसोत, सेमाफोर सिग्नलचा हात कसा हलतो, पाण्याच्या खांबाची सोंड कशी फिरते, सिग्नलच्या शिडीची जागा कोणती, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही, आणि खेळण्यात एखादा भाग उलटा बसवला आहे का हे त्यावरूनच कळते. रद्दी आणि भंगाराच्या दुकानदारांना आपला फोन नंबर द्यावा आणि एक छापील चित्र दाखवून ठेवावे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार सकाळी लवकर गाठावा. पुण्याला गेलेच आहात तर कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालयही पाहावे. तिथे खेळण्यांचे भेद शिकायला मिळतील असे नाही, पण फलाट, सिग्नल आणि माणसे एका प्रमाणात मांडली की कसे दिसतात याची नजर तयार होते.

परदेशातून मागवताना तळाचे, सांध्यांचे आणि मोजपट्टी शेजारी ठेवलेले छायाचित्र मागावे, आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून एकूण किंमत काढल्यावरच होकार द्यावा. सुट्या, स्वस्त हमालाला हे दोन्ही खर्च बहुधा परवडत नाहीत. चार-पाच वस्तू एकत्र मागवणे शहाणपणाचे.

सांभाळणे

आपल्याकडे मोठा शत्रू दमटपणा. जून ते सप्टेंबर पत्र्याला गंज चढतो, पेट्यांना बुरशी लागते आणि कसर लेबल खाते. लोखंडी कपाट सर्वांत चांगले. नव्या प्लायवुडचे शोकेस शिशाच्या चित्रांसाठी टाळावे, कारण लाकडातून आणि प्लायवुडच्या चिकट द्रव्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशावर पांढरी भुकटी आणते, आणि ती एकदा सुरू झाली की चित्र आतून पोखरले जाते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या ठरावीक दिवसांनी वाळवाव्यात, आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला टाकण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण ओला पाला दमटपणा वाढवतो. डांबराच्या गोळ्या तर प्लॅस्टिकच्या वस्तूंजवळ मुळीच ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडते आणि चिकट होते. रबर बँड, सेलोटेप आणि वर्तमानपत्राचा कागद या तिन्हींपासून पेट्या दूर ठेवाव्यात.

सांगलीत तळमजल्यावर संग्रह ठेवू नये. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे रोज जाहीर होतात. ४५ फुटांची धोक्याची पातळी गाठण्याची वाट न पाहता पेट्या वर न्याव्यात, आणि त्यासाठी त्या आधीपासूनच उचलता येतील अशा लहान खोक्यांत भरलेल्या असाव्यात.

युद्धापूर्वीच्या ओतीव जस्ताच्या वस्तूंना एक वेगळा रोग होतो. मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर तो धातू फुगतो, त्याला जाळीसारखे तडे जातात आणि शेवटी तुकडे पडतात. त्यावर उपाय नाही, आणि शेजारच्या वस्तूला तो लागतही नाही. अशी वस्तू विकत घेऊ नये. आधीच घरात असेल तर ती हाताळणे थांबवावे आणि तिची सविस्तर छायाचित्रे काढून ठेवावीत.

स्वच्छतेसाठी जलरंगाचा मऊ कुंचला पुरतो. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, खोबरेल तेल यांपैकी काहीही छापील पत्र्यावर लावू नये. एका दुपारच्या चमकवण्यात नव्वद वर्षांची छपाई निघून जाते, आणि ती परत आणता येत नाही. हट्टी मळ असेल तर शुद्ध पाण्यात किंचित भिजवून पिळलेला कापूस आधी तळाच्या कोपऱ्यात लावून पाहावा आणि लगेच कोरडे करावे. शिशाच्या वस्तू हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि त्या लहान मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. विजेचे दिवे असलेल्या स्थानकांची जुनी तार बहुधा ठिसूळ झालेली असते. ते घरच्या २३० व्होल्टला जोडण्याचा विचारही करू नये. दिवे न लावताच ते मांडावे.

हरवलेला भाग नवा करून घ्यायचा असेल तर आपल्या भागासारखी सोय थोड्याच ठिकाणी आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लेथचालक सिग्नलच्या खांबावरचा दिवा किंवा ढकलगाडीचे चाक मापाबरहुकूम कातून देतो. मात्र नव्या भागाच्या आतल्या बाजूस, सहज दिसणार नाही पण शोधल्यास सापडेल अशा जागी, बदलल्याचे साल कोरून घ्यावे. ‘मिरज जं.’ किंवा ‘सातारा’ अशी पिवळी पाटी आपल्या फलाटावर असावी ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे आणि मी ती स्वतःही करतो; पण ती पाटी वेगळ्या खांबावर उभी करावी, विंडसर किंवा ट्रेंटच्या मूळ अक्षरांवर चिकटवू नये.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा, तो वस्तूवर न लिहिता तिच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहावा. नोंदीत व्हर्नियरने घेतलेली लांबी-रुंदी-उंची, सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरचे वजन, तळावरची सगळी अक्षरे जशीच्या तशी, पट्टीखालचा रंग, पेटीवरच्या खुणा आणि वस्तू कोणत्या घरातून, कोणत्या डब्यातून आली हे असावे. सहा बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढावीत, म्हणजे छटा नंतर पडताळता येतात. वजनाची नोंद क्षुल्लक वाटते, पण पांढऱ्या धातूतून ओतलेली नवी नक्कल शिशाच्या मूळ चित्रापेक्षा हलकी भरते, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या हमालांतला फरक कित्येकदा केवळ त्या आकड्यावरूनच उघड होतो.

शंकास्पद वस्तूसाठी वहीत वेगळा रकाना ठेवावा आणि त्यात ‘भेद’ हा शब्द लिहिण्याची घाई करू नये. अगदी तसाच दुसरा नग दुसऱ्या, असंबंधित घरातून मिळेपर्यंत ती ‘एकमेव नग, खात्री बाकी’ अशीच राहू द्यावी. सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात आणि मिरजेतल्या एका घरात सारख्याच छटेचे छप्पर, सारख्याच जागी सरकलेली छपाई आणि पट्टीखाली तोच रंग सापडला, म्हणजे त्या रकान्यातली नोंद खोडून ती वस्तू मुख्य यादीत न्यावी.